बास वाढवला की ॲम्प बंद पडतो

प्रश्न: गाडीत चार चॅनल ॲम्प (ॲम्प्लिफायर) आहे, मागचे दोन चॅनल ब्रिज करून (म्हणजे एकत्र जोडून) ड्युअल ४ ओहमचा (प्रत्येकी ४ ओहम रोधाच्या दोन कॉइलचा) सबवूफर, म्हणजे बासचा स्पीकर, जोडलाय. आवाज वाढवला की प्रोटेक्टचा (ॲम्पने स्वतःला वाचवायला बंद केल्याचा) लाल दिवा लागतो, थोड्या वेळाने ॲम्प आपोआप सुरू होतो. फ्यूज शाबूत आहे.

उत्तर १: सबच्या दोन्ही कॉइल पॅरलल (प्लसला प्लस, मायनसला मायनस) जोडल्यात का? मग लोड २ ओहम होतो. बहुतेक चार चॅनल ॲम्प ब्रिजमध्ये ४ ओहमच्या खाली चालत नाहीत. सिरीजमध्ये (एकामागोमाग एक) जोडा, ८ ओहम मिळतील. आवाज थोडा कमी होईल, पण ॲम्प तापणार नाही. वायर काढून मल्टिमीटरने मोजा: ४ ओहमची कॉइल साधारण ३.२ ते ३.८ दाखवते.

उत्तर २: आधी व्होल्टेज बघा. इंजिन चालू, गाणं जोरात, मीटर ॲम्पच्याच टर्मिनलवर. १३.५ व्होल्टच्या आसपास हवं. ठोक्याला ११च्या खाली जात असेल तर अर्थिंग (ॲम्पची गाडीच्या बॉडीला जोडलेली निगेटिव्ह वायर) तपासा: रंग खरवडून उघड्या पत्र्यावर बोल्ट, वायर अर्ध्या मीटरच्या आत आणि पॉझिटिव्हइतकीच जाड. बाजारातल्या स्वस्त किटमध्ये तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियम वायर असते. ती घेऊच नका.

उत्तर १: आणि सगळ्या स्पीकर वायर काढूनही लाल दिवा राहिला, तर दोष बहुधा ॲम्पच्या आतच. विझला तर एकेक वायर परत लावत जा.