नदीच्या तळातील जीव: उन्हाळ्यात संख्या सर्वाधिक कशी?

प्रश्न
शहरातून वाहणाऱ्या नदीच्या तळातील अपृष्ठवंशीय जीवांची ऋतुवार नोंद आमचा गट ठेवत आहे. त्याच जागी, त्याच मापाच्या जाळीने नमुने घेतले असता एकूण संख्या पावसाळ्यात अगदी खाली येते, हिवाळ्यात सावरते आणि उन्हाळ्याच्या अखेरीस, पाणी काळपट होऊन त्याला वास सुटलेला असताना, सर्वाधिक भरते. हा फरक ऋतूचा मानावा की प्रदूषणाचा?

प्रतिसाद १
एकूण संख्या बाजूला ठेवून उन्हाळी नमुन्यात आहे तरी कोण, ते आधी पाहावे. बहुतेक ट्युबिफेक्स कृमी आणि कायरोनोमस माशीच्या लाल अळ्याच निघतील, असा माझा कयास आहे. प्रवाह आटला तरी सांडपाणी पूर्वीइतकेच येत राहते. शिवाय २० अंश सेल्सिअसला लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन सामावू शकणारे गोडे पाणी ३० अंशांना जेमतेम साडेसात मिलिग्रॅम सामावते, आणि त्यातलाही बराचसा मैला कुजवणारे जिवाणू वापरून टाकतात. कायरोनोमसच्या अळीत हीमोग्लोबिन असल्यामुळे ती अशा गाळात तग धरते. ट्युबिफेक्स तर डोके गाळात खुपसून शेपटीकडचा भाग पाण्यात सतत हलवत ठेवतो आणि त्यातून श्वसन करतो. भक्षक गळाले, खाद्य मुबलक झाले, की या दोघांना रान मोकळेच.

म्हणून कुळे मोजावीत. तळातील जीवांवरून पाण्याचा दर्जा ठरवणाऱ्या बीएमडब्ल्यूपी पद्धतीत प्रत्येक कुळाला सहनशीलतेनुसार १ ते १० गुण असतात, प्रदूषण जितके कमी सोसते तितके जास्त: गाळातील कृमींना १, कायरोनोमिडी कुळाला २, तर हेप्टाजेनिडी कुळातील मेफ्लाय या कीटकाला १०. एका कुळाचे जीव दहा असोत वा दहा हजार, गुण तेवढेच मिळतात, त्यामुळे तुमचा उन्हाळी फुगवटा त्यात आपोआप गळून पडेल.

प्रतिसाद २
वरील मताशी सहमत आहे, मात्र पावसाळी घट निव्वळ नैसर्गिक समजू नये. पूर कोणत्याही नदीचा तळ खरवडतो, पण शहरात डांबर आणि काँक्रीटमुळे पाणी जमिनीत मुरत नसल्याने लोंढा झटकन चढतो, आणि पहिल्या सरींबरोबर रस्त्यांवरचे तेल व जड धातूही नदीत उतरतात. एरवी काही जीव तळाखालच्या खडीच्या फटींत आसरा घेऊन पूर निभावतात. त्या फटी बारीक गाळाने बुजलेल्या असल्या तर तो आसराही उरत नाही. मग जीवांचे पुनर्भरण वरच्या भागातून वाहत येणाऱ्या अळ्यांवर आणि उडत येऊन अंडी घालणाऱ्या प्रौढ कीटकांवरच अवलंबून राहते. शहराच्या वरच्या अंगाला, तशाच खडकाळ उथळ प्रवाहात, त्याच आठवड्यात दुसरा नमुना घेतल्यास ऋतू आणि शहर यांचा परिणाम बराचसा वेगळा काढता येईल.

आणखी एक गोष्ट: मेफ्लायच्या अळ्या प्रौढ होऊन उडून गेल्या की पाणी उत्तम असूनही नमुना रिकामा दिसतो.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. पूर ओसरल्यावर किती दिवसांनी नमुना घ्यावा?

प्रतिसाद २
सरसकट दिवस सांगता येणार नाहीत. प्रवाह स्थिरावून दगडांवर शेवाळाचा थर पुन्हा धरेपर्यंत तरी थांबावे आणि शेवटच्या पुराला किती दिवस झाले, हे प्रत्येक नमुन्यासोबत लिहून ठेवावे.