दरवर्षी डीएपी देऊनही माती परीक्षणात स्फुरद कमी का येते?

प्रश्न : काटोलचा संत्रा बागायतदार

नमस्कार. काटोल तालुक्यात आमची संत्र्याची बाग असून जमीन काळी आणि चुनखडीची आहे. यंदा माती तपासून घेतली तेव्हा सामू (पीएच) ८.२ आणि उपलब्ध स्फुरद कमी, असा अहवाल आला. गेली सहा वर्षे आंबिया बहाराला (हिवाळ्याअखेरच्या फुलोऱ्याला) मी न चुकता डीएपी हे स्फुरदयुक्त खत देत आलो आहे, मग ते सगळे गेले कुठे? नववीत शिकणाऱ्या माझ्या मुलीनेही विचारले, की खतातले स्फुरद आणि काडेपेटीचा फॉस्फरस एकच का, आणि झाडाला त्याची एवढी गरज का असते. मला तिला नीट सांगता आले नाही. जाणकारांनी कृपया समजावून सांगावे.

उत्तर १ : मृदाशास्त्राचा अभ्यासक, नागपूर

भाऊ, तुमचे स्फुरद बहुतांशी तुमच्याच बागेत आहे. फक्त मुळांना घेता येईल अशा रूपात ते उरलेले नाही. डीएपी पाण्यात सहज विरघळते, पण चुनखडीच्या जमिनीत त्यातल्या फॉस्फेटची, म्हणजे ऑक्सिजनशी जोडलेल्या स्फुरदाची, गाठ लगेच कॅल्शियमशी पडते आणि हळूहळू न विरघळणारी संयुगे तयार होतात. आपल्याकडच्या विम्लधर्मी (अल्कधर्मी) जमिनींसाठी ऑल्सेन पद्धत वापरतात. तीत सोडियम बायकार्बोनेटच्या द्रावणात जेवढे उतरेल तेवढेच स्फुरद मोजले जाते. अहवालातला ‘उपलब्ध’ हा शब्द म्हणूनच महत्त्वाचा आहे, कारण तो आकडा जमिनीतला एकूण साठा सांगत नाही.

स्फुरद मातीत जागचे फारसे हलतही नाही. त्यामुळे वर फेकलेले खत वरच अडकते. झाडाच्या घेराखाली, जेथे तंतुमुळे असतात तेथे, चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून ते मातीआड द्यावे. शेणखतातल्या सेंद्रिय आम्लांमुळे बांधले गेलेले स्फुरद थोडेथोडे मोकळे होते. स्फुरद विरघळवणारे जिवाणू, म्हणजे पीएसबी, हेही शेणखतासोबतच द्यावेत, कारण सेंद्रिय पदार्थ नसलेल्या मातीत ते तग धरत नाहीत. डीएपीची मात्रा वाढवू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. त्याआधी पानांचे परीक्षण करून घ्या आणि दोन्ही अहवाल घेऊन नागपूरच्या अमरावती रस्त्यावरील केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत सल्ला घ्या.

उत्तर २ : रसायनशास्त्राची शिक्षिका

तुमच्या मुलीने फार चांगला प्रश्न विचारला आहे. मूलद्रव्य एकच आहे. १६६९ मध्ये हॅम्बुर्ग येथे हेनिग ब्रांट याने मूत्र आटवून अंधारात चमकणारा पदार्थ मिळवला. त्याला ‘प्रकाश वाहणारा’ या अर्थाचे ग्रीक नाव पडले आणि आपल्या ‘स्फुरद’ शब्दातही चमकण्याचाच भाव आहे. काडेपेटीच्या बाजूच्या पट्टीवर लाल फॉस्फरस असतो, तर काडीच्या गुलात पोटॅशियम क्लोरेट. घर्षणाने दोघांची अभिक्रिया होऊन ठिणगी पडते. खतातला फॉस्फरस मात्र ऑक्सिजनशी आधीच पूर्ण जोडलेला, म्हणजे एका अर्थी जळून झालेला असतो, त्यामुळे तो पेट घेत नाही.

झाडाला नेमके हेच जोडलेले रूप लागते. डीएनएचा कणा साखर आणि फॉस्फेट यांच्या एकाआड एक दुव्यांनी बनतो, पेशीचे पटल फॉस्फोलिपिडांचे, म्हणजे फॉस्फेट जोडलेल्या स्निग्ध रेणूंचे, असते आणि पेशीतली ऊर्जा एटीपी या फॉस्फेटयुक्त रेणूमधून फिरते. या कामांत फॉस्फरसची जागा दुसरे कोणतेही मूलद्रव्य घेत नाही. म्हणून त्याची कमतरता असलेल्या रोपाची मुळे आणि वाढ खुंटते, आणि लक्षणे आधी जुन्या पानांवर दिसतात, कारण रोप तेथले स्फुरद काढून कोवळ्या भागांकडे पाठवते.

उत्तर ३ : आहारशास्त्राची विद्यार्थिनी

काका, मातीत जे घडते तसेच काहीसे आपल्या ताटातही घडते. प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे ७०० ग्रॅम फॉस्फरस असतो आणि त्यातला सुमारे ८५ टक्के हाडांत व दातांत असतो. मटकी, हरभरा किंवा ज्वारी यांतला बराचसा फॉस्फरस फायटेट या बियांतल्या संयुगाच्या रूपात बांधलेला असल्यामुळे तो आपल्याला पुरता पचत नाही. कडधान्य भिजवून मोड आणले की फायटेज हे विकर (एन्झाइम) कामाला लागते आणि त्यातला काही भाग मोकळा होतो. दूध आणि अंडी यांतला फॉस्फरस त्या मानाने सहज मिळतो. घरी कोणाला मूत्रपिंडाचा आजार असेल, तर मात्र फॉस्फरसचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

काटोलचा संत्रा बागायतदार

सर्वांचे मनापासून आभार. आंबियाच्या आधी पानांचे परीक्षण करून घेतो आणि या वेळी निम्म्या झाडांना शेणखतात मिसळून मातीआड खत देतो, म्हणजे फरक डोळ्यांना दिसेल. शिक्षिका ताईंचे उत्तर मुलीला वाचून दाखवले आहे.