गिलाव्याआधी दाब तपासाच
खानापूरकडच्या चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) भिंतीतून शॉवरचे पाइप कसे न्यायचे असं इथे एकाने विचारलंय, त्यावर दोघांनी नुसतं 'सीपीव्हीसी टाका' म्हटलंय, म्हणजे गरम पाणी सोसणारा प्लास्टिक पाइप. बरोबर आहे, गच्चीवर सोलर हीटर असेल तर साधा यूपीव्हीसी, म्हणजे गार पाण्याचा प्लास्टिक पाइप, गरम पाण्याने नरम पडतो. पण खरी काळजी जोडांची. गिलाव्याआधी सगळी तोंडं बंद करून हातपंपाने दाब द्या आणि दाबमापकाचा काटा रात्रभर तसाच राहतो का बघा. गवंडी घाई करेल, ऐकू नका हो! चिरा सच्छिद्र, बारीक गळती आतल्या आत झिरपते आणि पलीकडच्या खोलीत ओल आल्यावरच कळते. झिरी, म्हणजे पाइपासाठी भिंतीत पाडायची खाच, उभी पाडा. साडेचार इंची वीटभिंतीत आडवी नकोच. डायव्हर्टर (पाणी नळाकडे की शॉवरकडे वळवणारा भाग) भिंतीत किती आत बसवायचा ते टाइलची जाडी धरून ठरवा. झिरी बुजवण्याआधी मोजायची टेप लावून पाइपांचे फोटो काढा, पुढे ड्रिल मारताना लागतील.