'शॉक' सांगितलाय : सोबत जाणाऱ्या मित्रानं काय बघायचं?

जुळेसोलापूरकर
सात रस्त्याला काल दोन पोरं बोलत होती, "त्याला शॉक देणार म्हणं." एकाचा चेहरा पार उतरलेला. जुनं सगळं वर आलं. ज्यांनी हा शॉक, म्हणजे ईसीटी (मानसिक आजारावर डोक्याला थोडा करंट देऊन मेंदूत झटका आणायचा उपचार), जवळून पाहिली आहे त्यांनी सोबत जाणाऱ्याला उपयोगी पडेल ते लिहा. माझ्याकडून एक : भूलतज्ज्ञ कोण आहेत ते आधी विचारा. भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय ईसीटी द्यायला 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात, कलम 95 प्रमाणे, बंदी आहे. 'साधीच देऊ' म्हणाले तर तिथनं उठायचं.

सिस्टर
पोट रिकामं पाहिजे. जेवण निदान 6 ते 8 तास आधी बंद. पाण्याचं भूलतज्ज्ञ सांगतील तसं. दुधाचा चहा अजिबात नाही, अर्धा कप पण नाही. भुलीत पोटातलं वर आलं की फुप्फुसात जातं, म्हणून त्या दिवशीची ईसीटी रद्द करतात. केस आदल्या दिवशी धुवा, तेल नको, तेलकट कातडीवर इलेक्ट्रोड (करंट देणारी चकती) नीट बसत नाही. कवळी काढा. हलणारा दात असेल तर आधी सांगा. गालातली तंबाखू पण.

भाग्या
शुगरची गोळी सकाळी घ्यायची का? बीपीची?

सिस्टर
बीपीची बहुतेक वेळा घोटभर पाण्यासोबत देतात. शुगरची गोळी, इन्सुलिन मनानं देऊ नका, उपाशीपोटी साखर उतरते. डॉक्टरांना विचारूनच.

होटगी रोड
आत काय होतं तेच माहीत नसतं, म्हणून भीती वाटते. स्नायूचं औषध द्यायच्या आधी एका घोट्यावर बीपीचा पट्टा फुगवतात. औषध त्या पावलात पोचत नाही. मग करंट दिला की बाकी अंग शांत आणि तेवढं एक पाऊल थरथरतं. त्यावरनं झटका किती सेकंद चालला ते मोजतात, साधारण 20 ते 60. बस, एवढंच. मित्राला हे पाऊल समजावून सांगा, त्याची निम्मी भीती जाते.

औषधवाला
गोळ्यांची सगळी पाकिटं पिशवीत घालून न्या. झोपेसाठीची क्लोनाझेपाम, फिट थांबवणारी व्हॅल्प्रोएट यांनी झटका नीट येत नाही. मूड स्थिर ठेवणाऱ्या लिथियमनं जाग आल्यावरचा गोंधळ वाढू शकतो. बंद किंवा कमी करायचं ते डॉक्टर ठरवतील, तुम्ही नाही.
आणि लिथियम पुढं चालू राहिलं तर आपला उन्हाळा लक्षात ठेवा. घाम जातो, पाणी कमी पडतं, रक्तात लिथियम चढतं. वर डोकं दुखतंय म्हणून आयबुप्रोफेन घेतली तर आणखी चढतं. हात जोरात थरथरणं, उलट्या-जुलाब, तोल जाणं दिसलं की थेट दवाखाना. डोकेदुखीला पॅरासिटामॉल विचारून घ्या.

जुळेसोलापूरकर
आयबुप्रोफेनचं कुणीच सांगत नाही ओ. बरं झालं लिहिलंत.

अक्कलकोट नाका
जाग आल्यावर अर्धा-एक तास तेच तेच विचारतात, "मी कुठं आहे?" दर वेळी तेवढ्याच शांतपणे सांगा. "मला ओळखलंस का" अशी परीक्षा घेऊ नका. उपचाराच्या आसपासच्या आठवड्यांची आठवण पुसट होते, काहींची थोडी कायमची जाते. हे लपवू नका. सुरू व्हायच्या आधीच वही करा : फोनचा पिन, कुणाचे पैसे द्यायचेत, गॅसचा नंबर कधी लावला. कोर्स संपेपर्यंत गाडी नाही, कागदावर सही नाही.

भाग्या
जबडा दुखतो म्हणतात ना? कडक भाकरी बंदच म्हणजे.

सिस्टर
त्या दिवशी मऊ भात, कढी. नंतर भाकरी आमटीत कुस्करून.

होटगी रोड
आठवड्याला 2-3, एकूण बहुतेक 6 ते 12. तिसऱ्या-चौथ्याला माणूस जेवायला-बोलायला लागला की घरचे थांबवतात. तिथंच घसरतं. संपल्यावरही गोळ्या चालू पाहिजेत, पहिल्या सहा महिन्यांत आजार उलटायचा धोका जास्त.

भाग्या
घरचे लांब असतील तर मित्राला काही अधिकार?

जुळेसोलापूरकर
आहे. साध्या कागदावर स्वतःच्या सहीनं सज्ञान मित्राला नामनिर्देशित प्रतिनिधी (उपचाराच्या निर्णयात आपल्या बाजूनं उभा राहणारा माणूस) नेमता येतं. शुद्धीत, नीट असताना लिहून घ्या. आणि रात्री-अपरात्री मित्र जिवाचं बरं-वाईट बोलला तर टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, 14416, मराठीतनं बोलतात, फुकट आहे. फोन होईपर्यंत त्याला एकटं सोडू नका.

भाग्या
नंबर सेव्ह केला. कढीत लसूण चालतो ना?

सिस्टर
चालतो की. तिखट कमी घाल.