'बहुप्रसवा' लिहू का? (एलायझा हेवूडवरच्या लेखात अडले आहे)

सायली_म: एलायझा हेवूड (मृत्यू 1756) या इंग्रज लेखिकेवर दिवाळी अंकासाठी लेख करतेय. तिची 'लव्ह इन एक्सेस' 1719-20 मध्ये तीन भागांत आली आणि तुफान खपली. पुढे कादंबऱ्या, नाटकं, भाषांतरं धरून सत्तरच्या वर पुस्तकं तिच्या नावावर सांगतात. आज अभ्यासक सोडले तर कुणाला ती माहीत नाही. इंग्रजीत तिला 'प्रोलिफिक' (भरपूर लिहिणारी) आणि 'हॅक' (पैशासाठी मागणीनुसार लिहिणारी) म्हणतात. पहिल्यासाठी 'बहुप्रसवा' लिहिलं, पण खटकतंय. दुसऱ्याला शब्दच सुचत नाही.

बोरू: खटकायलाच हवं. कवी अलेक्झांडर पोपने 1728 च्या 'डन्सिअड' या उपहासकाव्यात तिच्या कमरेला दोन अनौरस पोरं बिलगलेली दाखवून तिची नालस्ती केली. त्याच बाईला तुम्ही 'प्रसवा' म्हणणार? 'विपुल लिहिणारी' म्हणा.

मोडीप्रेमी: असहमत. प्रसव म्हणजे निर्मितीसुद्धा. पोपच्या कुचाळकीपायी चांगला संस्कृत शब्द का टाकायचा? 'विपुल लिहिणारी' म्हणजे सरकारी अहवालातली भाषा.

बोरू: शब्द टाकू नका. या बाईपुढे लावू नका, एवढंच.

घाटवाट: 'हॅक'साठी घरचा शब्द आहे की! भाड्याचं तट्टू. 'हॅक' आला 'हॅकनी'वरून, म्हणजे भाड्याने मिळणारा घोडा. आमचे आजोबा वृत्तपत्रातल्या अग्रलेखांवर चिडले की हेच म्हणायचे.

कोकणकडा: तट्टू म्हटलं की पैसे घेऊन दुसऱ्याची बाजू मांडणारा. हेवूड पोटासाठी लिहायची हे खरं, पण 1750 च्या सुमारास इंग्लंडच्या गादीवर हक्क सांगणाऱ्या स्टुअर्ट राजपुत्रावरच्या एका पुस्तिकेपायी तिला अटकही झाली होती. 1737 च्या कायद्याने नाटकांवर लगाम आला, तेव्हा ती पुस्तकविक्रीत उतरली. लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये तिचं दुकान होतं. दुकानाची मालकीण तट्टू कशी?

मोडीप्रेमी: मग सरळ 'ग्रब स्ट्रीटची लेखिका' लिहा. सॅम्युअल जॉन्सनने 1755 च्या इंग्रजी शब्दकोशात लंडनमधल्या या गल्लीचा अर्थ देताना छोटे इतिहास, कोश आणि तात्पुरत्या कविता लिहिणाऱ्यांची वस्ती असं म्हटलंय. त्यात कोशही आहेत, हे विसरू नका!

सायली_म: वाचकाला गल्ली समजावण्यात माझा परिच्छेद जाईल. शिवाय 1830 मध्ये तिचं नाव बदलून मिल्टन स्ट्रीट झालं.

नाशिककर: 'पाट्या टाकणारी' का नको? रोज उठून ठरलेलं काम उरकणं यात अगदी नेमकं येतं.

सायली_म: हेवूडचं 'फीमेल स्पेक्टेटर' हे मासिक (1744-46) वाचा. लग्न, वाचन, मुलींचं शिक्षण यावर ती बायकांशी बरोबरीने बोलते. त्याला पाट्या टाकणं म्हणवत नाही.

बोरू: यालाच मी टाळ्या वाजवतो. पण नाशिककर, पाट्या कसल्या? माझ्या मते शाळेतल्या. गणितं सोडवून पाटी मास्तरांपुढे टाकायची.

नाशिककर: छे! मातीच्या पाट्या. मजुराने किती टाकल्या त्यावर मजुरी. आमच्याकडे विहीर खणताना मुकादम खडूने रेघा मारायचा, मी पाहिलंय.

घाटवाट: रेघा घमेल्यांच्या असणार. वेताची पाटी बाजारात भाजीला. मातीला पाटी कोण वापरतं?

नाशिककर: घमेलं नंतर आलं. विहिरीवर पाटीच.