प्रोप्रॅनोलॉल चालू आहे तरी गाठ वाढतेय, पुढे काय?

चिऊची_आई:
मुलगी साडेचार महिन्यांची, गालावर लाल हेमॅन्जिओमा (रक्तवाहिन्यांची गाठ), आता खालच्या पापणीपर्यंत आलाय आणि तो डोळा अर्धाच उघडतो. प्रोप्रॅनोलॉल (ही गाठ आकसवायचं औषध) सुरू केल्यावर आधी जरा फिकं पडलं, आता परत फुगलंय. डॉक्टर म्हणतात स्टेरॉइड नाहीतर सिरोलिमस (गाठीची वाढ रोखणारं औषध) बघू. सासूबाई म्हणतात जन्मखूण आहे, आपोआप जाईल. कुणाला अनुभव आहे का, झोप उडालीये

स्किनवाला:
ताई, एवढ्यात औषध फेल धरू नका. डोस आजच्या वजनावर आहे का बघा, साधारण २ ते ३ मिग्रॅ प्रति किलो रोज, विभागून. बाळाचं वजन वाढतं आणि आपण जुनेच एमएल देत बसतो. पण स्वतःहून वाढवू नका हां, शुगर उतरते, नाडी मंदावते. पोट भरल्यावरच द्यायचं, पीत नसेल किंवा उलट्या असतील तर डोस थांबवून डॉक्टरांना फोन. आणि डोळ्यांच्या डॉक्टरांना याच आठवड्यात दाखवा. गाठ ओसरायला काही वर्षं जातात, तोवर झाकलेल्या डोळ्याची नजर अधू होऊ शकते, सासूबाईंना एवढंच सांगा.

नाशिककर_मामा:
आमच्या भाच्याच्या मांडीवर जांभळट, कडक सूज होती, प्रोप्रॅनोलॉलने ढिम्म फरक नाही. शेवटी निघालं कापोसीफॉर्म हेमॅन्जिओएन्डोथेलिओमा, म्हणजे रक्तवाहिन्यांचीच दुसरी, दुर्मीळ गाठ, आजारच वेगळा, प्लेटलेट पार तळाला. त्याला सिरोलिमसच लागू पडलं, पण रक्तातली लेव्हल सारखी तपासावी लागते. तुमचं आधी फिकं पडलं होतं म्हणजे तसं नसावं, तरी सीबीसी (रक्तपेशींची तपासणी, त्यात प्लेटलेट कळतात) झालंय का विचारा

चिऊची_आई:
सीबीसी नॉर्मल आहे. सुरू केलं तेव्हा ५.२ किलो होती, आता ६.२, डोस तोच!! पण मध्ये छातीत घरघर झाली म्हणून डॉक्टर वाढवायला कचरतायत

स्किनवाला:
मग कचरणं बरोबरच आहे, प्रोप्रॅनोलॉलने श्वासनळ्या आवळतात. अटेनोलॉलचं विचारा, त्याच जातीचं औषध आहे, पण त्याचा फुफ्फुसांवर परिणाम कमी असतो, अगदीच नाही असं नाही. चट्टा चेहऱ्यावर मोठा पसरलेला असेल तर इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि मेंदूचा एमआरआय झालाय का तेही, फेस (PHACE) सिंड्रोम, म्हणजे अशा गाठीसोबत मेंदू-हृदयातही दोष, नाही ना याची खात्री हवी. स्टेरॉइड किंवा सिरोलिमस ठरलंच तर लसींचं आधी बोलून घ्या, दोन्हींनी प्रतिकारशक्ती दबते आणि पोलिओचे थेंब, रोटा, नऊ महिन्यांची एमआर (गोवर-रुबेला) या जिवंत लसी आहेत.

चिऊची_आई:
इको झालाय, एमआरआयचं कुणी बोललंच नाही. उद्या ओपीडी आहे, विचारते