पुष्पमाला एन.: शिल्पकला सोडली कुठे?
वरती कोणीतरी लिहिलंय की चित्रकार-शिल्पकार पुष्पमालाबाईंनी शिल्पकला सोडली आणि मग आयुष्यभर वेष बदलून फोटोच काढत बसल्या. वेष बदलून हे ठीक, पण 'सोडली' काही पटत नाही. बडोद्याला १९८५ मध्ये शिल्पकलेत एमए, टेराकोटातल्या (भाजलेल्या मातीच्या) मुली-बायकांच्या शिल्पांवर नाव झालेलं, आणि १९९६-९८ ला मुंबईत 'फँटम लेडी' ही फोटोमालिका केली (जुन्या हिंदी स्टंटपटांची नायिका फिअरलेस नादिया, तिच्या थाटातली मुखवटेवाली ह्याच, आणि तिची जुळी बहीणपण ह्याच) तेव्हा कॅमेरा दुसऱ्याच्या हातात होता, म्हणजे ह्यांना फोटोग्राफर म्हणणंच मुळात चुकीचं. सेट, पडदे, दागिने आणि मधे स्वतःचं अंग, हे सगळं रचायचं, मला तर ते शिल्पच वाटतं.

इथे अजून कोणी 'नेटिव्ह विमेन ऑफ साउथ इंडिया'चं नाव काढलं नाही. २०००-०४, फोटोग्राफर क्लेअर आर्नीबरोबर केलेली फोटोमालिका, त्यातही वेष घेऊन उभ्या पुष्पमालाबाईच. त्यात राजा रविवर्म्याची लक्ष्मी आहे. आमच्या आजीच्या देवघरात तीच लक्ष्मी होती, रविवर्म्याच्या मळवलीच्या छापखान्यातली असं आजोबा अभिमानाने सांगायचे, त्यामुळे फोटो बघितल्यावर माझा हात आधी नमस्काराला गेला आणि मग कळलं की अरे, ही तर खरी बाई, मागचं सगळं रंगवलेल्या पडद्यावरचं. आणि त्याच मालिकेत तीच बाई, इंग्रज आदिवासींची शरीरं मोजायला मागे लावायचे तसल्या चौकटींसमोर, निलगिरीतल्या तोडा जमातीची 'नमुना' म्हणून उभी. ते दोन फोटो शेजारीशेजारी ठेवून बघा एकदा.